इंग्रजीतला मी आणि मराठीतला मी

इंग्रजी शिकताना मराठी मुलाची पहिली फजिती ‘मी’ या एका अक्षरावर होते. आपला ‘मी’ म्हणजे त्यांचा ‘आय’, आणि त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. उच्चार तोच, विभक्ती भलतीच. आपल्याला दिलासा एवढाच की खुद्द इंग्रजी बोलणारेही या ‘मी’पाशी गेली चारशे वर्षं अडखळताहेत. त्यांची अडखळायची जागाही ठरलेली आहे, ‘बिटवीन’च्या पुढं.

‘बिटवीन यू अँड मी’ की ‘बिटवीन यू अँड आय’? व्याकरणाच्या पुस्तकाला विचाराल तर पहिलं बरोबर. प्रेपोझिशनच्या पुढं सर्वनामाचं मूळ रूप चालत नाही, बदललेलं रूप लागतं. आपल्याला हे नवं नाही. ‘शी’ किंवा ‘कडे’ जोडण्याआधी ‘मी’चं ‘माझ्या’ आणि ‘तो’चं ‘त्या’ करावंच लागतं. ‘मीशी बोल’ कुणी म्हणत नाही. यालाच आपण सामान्यरूप म्हणतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही अशी रूपं होती. ती झिजून गेली. उरली ती मी, अस, हिम, हर, देम, हूम अशी मूठभर सर्वनामांत. त्यातही गंमत अशी की ‘हिम’ हे मुळात चतुर्थीचं रूप. द्वितीयेला ‘हिने’ असं वेगळं रूप होतं, ते गेलं आणि दोन्ही कामं ‘हिम’वर आली. ‘यू’ची कथा तर उलटीच. तो पूर्वी फक्त कर्म असायचा, कर्ता ‘ये’ असे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात हा भेद नीट पाळलेला दिसतो: ‘ये शाल नो द ट्रुथ, अँड द ट्रुथ शाल मेक यू फ्री.’ पण बोलण्यात तोवर ‘यू’नं ‘ये’ला जवळजवळ हुसकावलं होतं. कर्म येऊन कर्त्याच्या खुर्चीत बसलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

इतकं सगळं ढासळलं तरी प्रेपोझिशनच्या लगेच पुढची जागा मात्र शाबूत राहिली. ‘हूम’ आता बोलण्यात फारसा ऐकू येत नाही. ‘तुम्हाला कुणाशी बोलायचंय’ हे इंग्रज ‘हू डू यू वॉन्ट टू टॉक टू’ असंच विचारतो, कारण इथं ‘टू’ लांब शेवटाला जाऊन पडलाय. पण तोच ‘टू’ आधी आला की ‘हूम’ जिवंत होतो. आपल्या कॉलेजांच्या दाखल्यांवर मथळ्याला अजून ‘टू हूम इट मे कन्सर्न’ असतं ते त्यामुळेच.

म्हणजे शेजार महत्त्वाचा. ‘फॉर आय’ किंवा ‘बिटवीन आय’ सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. मध्ये ‘अँड’ आला की पकड सुटते. १९९२च्या अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात बिल क्लिंटन आपल्या जोडीदार उमेदवाराला, अल गोर यांना, सोबत घेऊन म्हणाले होते, ‘गिव्ह अल गोर अँड आय अ चान्स’. नुसतं ‘गिव्ह आय’ ते कधीच म्हणाले नसते.

याचा दोष बहुतेक जण शाळेला देतात. मूल म्हणतं, ‘मी अँड टॉम वेंट’. बाई दटावतात, ‘टॉम अँड आय’. मुलाच्या मनात बसतं की ‘अँड’नंतर ‘आय’च सभ्य, आणि मग ते ‘आय’ नको तिथंही पेरतं. म्हणजे ही चूक अडाणीपणाची नव्हे, जास्तीच्या काळजीची. आपल्याकडं शुद्ध बोलण्याच्या धास्तीनं ‘पानी’चं ‘पाणी’ करता करता कुणी ‘नाना’चा ‘णाणा’ करावा, त्यातली गत. खुलासा पटतो, पण पुरा पडत नाही. कारण शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओ आपल्या मित्राला पत्रात लिहितो की ‘बिटवीन यू अँड आय’ सगळी देणी फिटली. हे नाटक छापलं गेलं १६००मध्ये. इंग्रजांना व्याकरण शिकवणारं रॉबर्ट लाउथ यांचं गाजलेलं पुस्तक आलं १७६२ला. दटावणाऱ्या बाई यायच्या आधीच चूक हजर होती!

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांचा युक्तिवाद मला इथं जास्त पटतो. ‘अँड’नं जोडलेली जोडी हा एक स्वतंत्र घटक असतो आणि त्याचे गुण आतल्या भागांत उतरतीलच असं नाही. ‘राम अँड सीता आर’ म्हणताना जोडी अनेकवचनी झाली, पण राम एकटाच राहिला ना? मग विभक्तीही जोडीवरच थांबली तर आतल्या ‘आय’नं का बदलावं?

हेच आपण मराठीतही करतो. ‘मुलगा आणि सुनेला अटक’ असे मथळे आपण रोज वाचतो. खरं तर ‘मुलाला आणि सुनेला’ हवं, पण ‘ला’ फक्त सुनेला चिकटला आणि लांबचा मुलगा कोरडाच राहिला. इंग्रजीत प्रेपोझिशन आधी येतं म्हणून बऱ्याचदा जोडीतला दुसरा सुटतो. आपला प्रत्यय शेवटी येतो म्हणून पहिला सुटतो. आरशातलं प्रतिबिंबच. (‘बिटवीन ही अँड हिज वाइफ’ असं पहिल्यालाच सोडून देणारेही भेटतात, तेव्हा हा काही पक्का नियम नव्हे.) सर्वनामांत मात्र मराठी कडक आहे. ‘तुझ्यात आणि माझ्यात’ किंवा सरळ ‘तुझ्यामाझ्यात’. ‘तू आणि माझ्यात’ कानाला खटकतं.

आता त्या पहिल्या फजितीकडं. दोन्ही भाषांतले ‘मी’ सारखे वाजतात तो निव्वळ योगायोग नाही. इंग्रजी ‘आय’चा संस्कृत भाऊबंद ‘अहम्’, आणि इंग्रजी ‘मी’चे भाऊबंद ‘माम्’, ‘मया’, ‘मे’. मराठी ‘मी’ आला तो ‘अहम्’मधून नव्हे, तर ‘मया’ या तृतीयेतून, प्राकृतातल्या ‘मइ’च्या वाटेनं. म्हणूनच ‘त्यानं आंबा खाल्ला’ला ‘नं’ लागतो आणि ‘मी आंबा खाल्ला’ला लागत नाही, ‘मी’त तो आधीच मुरलेला आहे. ‘यू’नं ‘ये’ला घालवलं, तसं मराठीत या ‘मी’नं ‘अहम्’च्या वंशजाला घालवलं.

तो वंशज पाहायचा तर फार लांब जायला नको. गोव्यातला माणूस ‘मी येतो’ म्हणत नाही, ‘हांव येतां’ म्हणतो. तो ‘हांव’ म्हणजे जुना ‘अहम्’.