वळिवडेचा माळ आणि त्यावर उतरलेले दोन प्रांत

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात लग्न ठरले की पाठोपाठ विषय निघतो बस्त्याचा, आणि बस्ता म्हटले की गांधीनगर. दोन्हीकडची माणसे गाडी करून येतात, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसून मानपानाची यादी काढतात, साड्यांचा ढीग उपसला जातो, संध्याकाळी गठ्ठे बांधून सगळे परततात. ज्या जमिनीवर ही बाजारपेठ उभी आहे तिथे ऐंशी वर्षांपूर्वी पोलिश भाषेतली शाळा भरत होती, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. गांधीनगरची ही कहाणी मुळात वळिवडे या शेजारच्या गावाची आहे, आणि ती तिथूनच सांगायला हवी.

वळिवडे करवीर तालुक्यात, कोल्हापूरच्या पूर्वेला. शहर सोडून पंचगंगा इचलकरंजीकडे आणि पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला भेटायला निघते, त्या वाटेवरचे हे गाव. सांगवडे, हलसवडे, वळिवडे अशी शेवटी ‘वडे’ असलेली गावे या भागात एकापाठोपाठ भेटतात. नदीकाठाला काळी जमीन आणि उसाचे फड; नदीपासून वर सरकले की मुरमाड माळ. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथे ३९ फूट झाले की इशारा, ४३ फूट झाले की धोका, हे आकडे या गावांत शाळकरी पोरांनाही पाठ असतात. त्यामुळे काठावरची जमीन पिकासाठी आणि माळ वस्तीसाठी, हा हिशेब इथे जुनाच आहे.

गावाचे नशीब बदलले ते रेल्वेने. मिरज ते कोल्हापूर हा संस्थानचा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. रुकडीनंतर पंचगंगा ओलांडून गाडी वळिवडेच्या शिवारात शिरते आणि मग कोल्हापूर. मोकळा माळ, जवळ बारमाही नदी, दारात रेल्वे आणि हाकेच्या अंतरावर राजधानीचे शहर. हजारो माणसांची वस्ती एकदम बसवायची तर याहून वेगळे काय लागते? माझ्या मते पुढच्या दोन्ही घटनांचे मूळ या भूगोलातच आहे.

आता जरा लांब जावे लागेल. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया, असे दोघे मिळून पोलंडवर चालून गेले. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना फेब्रुवारी १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला नेण्यात आले. जंगलतोड, सामूहिक शेती, उपासमार. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटल्यावर चित्र पालटले. जुलैअखेर पोलंडच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारशी रशियाने करार केला आणि या लोकांना सोडण्यात आले. जनरल अँडर्स यांनी त्यातल्या धडधाकट पुरुषांचे सैन्य उभे केले आणि त्या सैन्याच्या मागोमाग बायकामुले, म्हातारेकोतारे दक्षिणेकडे निघाले. मध्य आशियात टायफसने कितीतरी जण दगावले. उरलेले १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. पुरुष लढायला गेले. १९४४ साली इटलीत माँटे कॅसिनोची लढाई जिंकणाऱ्यांत ते होते. बायकामुलांपैकी काही आफ्रिकेत गेली, काही कराचीमार्गे हिंदुस्थानात आली.

त्यांच्यासाठी १९४३ मध्ये वळिवडेच्या माळावर छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे. वळिवडे गाव त्या काळी केवढेसे असणार! गावाशेजारी गावाहून मोठे परके गाव वसले. लांबलचक कौलारू बराकी, त्यात प्रत्येक कुटुंबाला वेगळ्या खोल्या आणि स्वतःची चूल. चर्च, दवाखाना, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, नाटकमंडळी, बालवीरांची पथके, सगळे होते. शाळेतली भाषा पोलिश, कारण एक ना एक दिवस आपण घरी परतणार, याच भरवशावर हे गाव चालले होते. तीन वर्षे भाकरीच्या तुकड्यासाठी झुरलेल्या मुलांना इथे पोटभर जेवण मिळाले, आंबा-केळी मिळाली, आणि आपल्याकडचा मृगाचा पाऊसही त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. शेजारच्या गावांतून भाजी, दूध, अंडी छावणीच्या बाजारात जात. खुणांनी सुरू झालेला व्यवहार हळूहळू मोडक्यातोडक्या बोलीवर आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे मला गरजेचे वाटते, कारण बातम्यांमध्ये ती नेहमी एकमेकांत मिसळते. जामनगरजवळच्या बालाचडीची छावणी वेगळी, वळिवडेची वेगळी. बालाचडी ही नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली, मुख्यतः अनाथ मुलांची वसाहत. ‘चांगला महाराजा’ म्हणून वॉर्सात चौकाला नाव आहे ते त्यांच्यासाठी. वळिवडेत कुटुंबे होती, प्रामुख्याने आया आणि त्यांची मुले, आणि खर्चाचा मोठा भार पोलंडचे निर्वासित सरकार उचलत होते. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा दत्तक आलेले, दोन वर्षांचेही न झालेले बालराजे होते. राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते आणि राज्याचा कारभार राजप्रतिनिधींकडे होता. कोल्हापूरचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. पाच हजार परक्यांना जागा देऊन त्यांना पाच वर्षे सुखाने राहू देणे, हे कुणा एका राजाचे नव्हे, या मुलखाचे काम आहे. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवडेलाच आली.

पण घरी परतायचा भरवसा तोवर संपला होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांनी पोलंडची हद्द पश्चिमेला सरकवली आणि पूर्व पोलंड रशियाकडे राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवडेतल्या बायकांची घरे जागच्या जागीच होती, देश मात्र तिथला राहिला नव्हता. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी होत गेली. बरेचसे ब्रिटनला गेले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, काही नव्या पोलंडला.

बराकी रिकाम्या पडायला आणि सिंधमधून माणसे यायला एकच गाठ पडली. फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन-दोन तुकडे झाले. सिंध मात्र अखंड पलीकडे गेला. त्यामुळे पंजाबी निर्वासिताला अलीकडे निदान अर्धा पंजाब होता, सिंधी माणसाला स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन नव्हती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि जे थांबले होते तेही निघाले. बोटीने मुंबई, तिथून मिळेल त्या छावणीत. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून उल्हासनगर झाले, पुण्याजवळ पिंपरीची वसाहत झाली, आणि वळिवडेच्या बराकींत गांधीजींच्या नावाने गांधीनगर वसले. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले ते मार्च १९४९ मध्ये, म्हणजे याही वस्तीचा आरंभ संस्थानी मुलखातच झाला.

पोलिश बायकामुले ज्या कराचीतून इकडे आली, त्याच कराचीतून पुढच्या पाच वर्षांत सिंधी कुटुंबे निघाली. दोघांचीही घरे सरहद्दीपलीकडे राहिली. एकाच माळावर, बहुधा एकाच छपराखाली, या दोन दुःखांची वस्ती झाली. वळिवडेविषयी वाचताना मी या एका गोष्टीशी नेहमी थबकतो.

पोलिश लोकांनी इथे वाट पाहिली. सिंध्यांना वाट पाहण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी दुकाने मांडली. शेतजमीन नाही, ओळखी नाहीत. कापड असा माल की भांडवल थोडे असले तरी गठ्ठा खांद्यावर टाकून आठवडी बाजार गाठता येतो. इचलकरंजीत यंत्रमाग १९०४ पासून चालू होते, म्हणजे माल जवळच होता आणि रेल्वे दारात होती. कमी नफा, जास्त विक्री आणि ओळख पटली की उधारी, या रीतीने बाजारपेठ वाढत गेली. आज कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटकातले दुकानदार इथून घाऊक माल भरतात. बराकी आता जवळपास उरल्या नाहीत. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली, तेव्हापासून हद्दवाढीच्या ज्या याद्या निघत आल्या, त्यांत गांधीनगर आणि वळिवडे ही नावे येत राहिली. गावांचा विरोधही तेवढाच जुना आहे.

खुणा शोधायच्या तर कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे आणि ख्रिश्चन दफनभूमीत त्यांच्या लोकांची थडगी आहेत. २०१९ मध्ये वळिवडेतही स्मृतिस्तंभ झाला. त्यासाठी छावणीत वाढलेली, आता नव्वदीकडे झुकलेली काही माणसे मुद्दाम आली होती. वॉर्सात माँटे कॅसिनोच्या स्मारकाजवळ या छावणीची आठवण कोरलेली आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २१ ऑगस्ट २०२४ रोजी तिथे अभिवादन केले, तेव्हा वळिवडे हे नाव महाराष्ट्रातल्या अनेकांनी पहिल्यांदा ऐकले.

सगळे गेले, असे मात्र नाही. त्या पाच हजारांतल्या एका मुलीने इथल्याच मराठी घरात लग्न केले आणि ती कोल्हापूरचीच झाली.