खोबण तीच, तरी नकार: प्रोसेसरबरोबर बोर्ड का बदलावा लागतो याची पार्श्वभूमी

२०१७ च्या सुरुवातीला असेंबल करून घेतलेला एखादा कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. एच ११० चिपसेटचा (बोर्डावरच्या सहायक चिपांचा) साधा बोर्ड, त्यावर इंटेलचा सातव्या पिढीचा कोअर आय ३, आठ जीबी रॅम. मशीन ठणठणीत आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते. मग साहजिकच मनात येतं, आठव्या पिढीचा आय ३ ८१०० सेकंडहँड उचलावा आणि बसवून टाकावा. दोन्हींचे संपर्कबिंदू ११५१, कडेच्या खाचाही जुळतात, चिप बोर्डावरच्या खोबणीत (सॉकेटमध्ये) अलगद बसते. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच राहतो.

दुकानदार मान हलवून सांगतो, ‘बोर्ड पण बदलावा लागेल.’ तो खोटं बोलत नसतो. पण हे असं का झालं, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

१९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात इंटेलची ८०८८ चिप होती. एवढ्या महत्त्वाच्या भागासाठी एकाच पुरवठादारावर विसंबून राहायची आयबीएमची तयारी नव्हती. त्या आग्रहापायी १९८२ मध्ये इंटेलने एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीशी करार केला आणि एएमडी तीच चिप, त्याच पिनांची, स्वतःच्या कारखान्यात बनवू लागली. पुढे २८६ चंही तसंच झालं. बोर्डाच्या दृष्टीने दोन्ही कंपन्या सारख्याच. आज हे वाचताना गंमत वाटते, पण ‘इंटेलचा बोर्ड’ आणि ‘एएमडीचा बोर्ड’ असा भेद तेव्हा नव्हताच.

पहिली ठिणगी ३८६ वर पडली. १९८५ मध्ये आलेल्या या चिपचे आराखडे इंटेलने एएमडीला दिले नाहीत. वाद लवादाकडे आणि न्यायालयात गेला, वर्षानुवर्षं रेंगाळला. तेवढ्यात १९९१ मध्ये एएमडीने स्वतःची ३८६ काढलीच, तीही ४० मेगाहर्ट्झची, म्हणजे इंटेलच्या ३३ च्या वरची. निव्वळ आकड्यावर ट्रेडमार्क मिळत नाही हेही याच भांडणात स्पष्ट झालं. म्हणून १९९३ मध्ये ५८६ ऐवजी ‘पेंटियम’ हे नाव अवतरलं.

नाव अडवता आलं, पण खोबण अजून मोकळी होती. इंटेलची ‘सॉकेट ७’ ही खोबण आली आणि तिच्यात एएमडी, सायरिक्स, आयडीटी अशा सगळ्यांच्या चिपा बसू लागल्या. यात पुण्याचा एक धागा आहे. पेंटियमच्या चमूचं नेतृत्व करणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. शिक्षण दिल्लीत झालं. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. नेक्सजेनच्या आधीच्या चिपेला तिचा स्वतंत्र बोर्ड लागायचा आणि तिथेच तिचं घोडं अडलं होतं. एएमडीने ही कंपनी विकत घेतली, तिची पुढची चिप सॉकेट ७ मध्ये बसेल अशी घडवली आणि १९९७ मध्ये ती ‘के ६’ म्हणून आली. ज्या माणसाला लोक पेंटियमचा जनक म्हणतात, त्याचा हात लागलेली दुसरी चिप पेंटियमच्याच जागेवर जाऊन बसली!

असेंबल्ड कॉम्प्युटरचा सुकाळ हा याच काळातला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं म्हणतं कोण) बोर्ड घ्यायचा आणि खिशाला परवडेल त्या कंपनीची चिप वर ठेवायची. सगळं गोड होतं असं मात्र नाही. बोर्डावरचे इवले जंपर पुस्तिकेत बघून लावावे लागत. पेंटियम एमएमएक्सला गाभ्यासाठी २.८ व्होल्ट हवे असत आणि जुने बोर्ड सरसकट ३.३ देत. म्हणजे पिना जुळूनही वीज जुळत नसे. खोबण तीच आणि तरी नकार, हा प्रकार २०१७ मध्ये नव्याने जन्मला नाही.

खरी ताटातूट १९९७ च्या मे महिन्यात झाली. पेंटियम २ चौकोनी चिप म्हणून आलाच नाही. जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजसारखं काळं पाकीट, ते बोर्डावरच्या ‘स्लॉट १’ मध्ये उभं खोचायचं. इंटेलचं कारण तांत्रिक होतं आणि खरंही होतं: कॅशे मेमरी (प्रोसेसरच्या हाताशी असणारी झटपट मेमरी) वेगळ्या चिपांवर होती, ती प्रोसेसरजवळ बसवायला जागा हवी होती. पण या स्लॉटवर आणि त्यामागच्या बसवर (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटेवर) पेटंटचं कुंपण होतं आणि एएमडीला आत प्रवेश नव्हता. दोन-तीन वर्षांत कॅशे मुख्य चिपेत सामावली, पाकिटाची गरज संपली आणि इंटेल निमूटपणे चौकोनी खोबणीकडे परतली. कुंपण मात्र राहिलं. माझ्या मते सगळ्या इतिहासातली सर्वांत महागडी पट्टी हीच. ग्राहकाचा पर्याय तिथे कापला गेला आणि पुन्हा जोडला गेला नाही.

एएमडीने काय केलं? सॉकेट ७ ला १०० मेगाहर्ट्झची बस जोडून थोडे दिवस काढले. मग १९९९ मध्ये अ‍ॅथलॉनसाठी ‘स्लॉट ए’ आणला. त्याची प्लास्टिकची पट्टी स्लॉट १ चीच होती, फक्त उलटी फिरवलेली. बोर्ड बनवणाऱ्यांना भाग सहज मिळावा म्हणून. आतली बस डीईसी कंपनीच्या अल्फा प्रोसेसरकडून घेतलेली. तेव्हापासून दोन घरं वेगळी झाली ती झालीच.

पुढच्या बदलांत व्यापारापेक्षा वीजशास्त्राचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायला हवं. रॅमशी बोलणारा नियंत्रक पूर्वी बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असायचा. त्यामुळे रॅमचा प्रकार बदलला तरी प्रोसेसर तोच ठेवता येई. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय ७ मध्ये हा नियंत्रक प्रोसेसरच्या पोटात घेतला. वेग वाढला. पण आता रॅमच्या तारा थेट प्रोसेसरच्या पिनांना येऊन मिळू लागल्या, म्हणून रॅमची पिढी बदलली की खोबणही बदलणार हे जवळपास ठरून गेलं. एएमडीच्या एएम २, एएम ३, एएम ४, एएम ५ या खोबणी अनुक्रमे डीडीआर २, ३, ४, ५ बरोबर आल्या त्या यामुळे.

या काळात न बदललेली एक गोष्ट लक्षातच येत नाही: बोर्डाचे स्क्रू. १९९५ मध्ये इंटेलने ठरवलेली एटीएक्सची मापं आजही चालतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये (ज्या डब्याला आपल्याकडे लोक ‘सीपीयू’ म्हणतात) आजचा बोर्ड भोकाला भोक जुळवून बसतो.

२००४ मध्ये इंटेलने पिना चिपेवरून काढून बोर्डावर नेल्या. वाकलेली पिन ही जोखीम त्यामुळे चिप बनवणाऱ्याकडून बोर्ड बनवणाऱ्याकडे सरकली. ती पहिली खोबण, एलजीए ७७५ (आकडा म्हणजे संपर्कबिंदूंची संख्या), बरीच वर्षं टिकली. पण पेंटियम ४ च्या काळातले कितीतरी बोर्ड २००६ च्या कोअर टू ड्युओला उभं करत नसत. त्यानंतर ११५६, ११५५, ११५०, ११५१ अशी रांग लागली आणि साधारण दोन पिढ्यांमागे एक बोर्ड हा इंटेलचा शिरस्ता झाला. ११५५ वर काही पिना उरल्या नाहीत म्हणून ११५० आला, हे कोणालाही पटवून देणं कठीण होतं.

आणि मग २०१७. एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांच्या धक्क्याने इंटेलने चारऐवजी सहा गाभ्यांचा (कोअरचा) आय ७ आणला. खोबण ११५१ च ठेवली, पण ३०० मालिकेचे बोर्ड सक्तीचे केले. जास्त गाभ्यांना वीज जास्त लागते, म्हणून पूर्वी राखीव असलेल्या काही पिना आता विजेसाठी वापरल्यात, असं स्पष्टीकरण मिळालं. हौशी मंडळींनी काही बिंदूंवर चिकटपट्टी लावून आणि बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) फेरफार करून नवी चिप जुन्या बोर्डावर चालवून दाखवली. म्हणजे वीजशास्त्र पूर्ण खोटं नव्हतं आणि पूर्ण खरंही नव्हतं. चार वर्षांनी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ ची रेघ नेमकी इथेच ओढली आणि एच ११० वाला दोन्हीकडून अडकला.

त्याच वर्षी एएमडीने एएम ४ ला दीर्घायुष्याचं वचन दिलं. ते पाळताना तिचीही दमछाक झाली. अनेक बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीची, तिच्यात इतक्या प्रोसेसरांची माहिती मावेना. नवी चिप ओळखायला बायोस अपडेट हवा आणि अपडेट करायला जुनी चिप हवी, हे त्रांगडं सोडवायला २०१८ मध्ये एएमडीने काही ग्राहकांना अपडेटपुरता जुना प्रोसेसर उसना पाठवला. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की रायझन ५००० जुन्या ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाही. ओरड झाली आणि दोन आठवड्यांच्या आत निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर एएमडीच्याच २०१७ च्या ३०० मालिकेलाही दार उघडलं. पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डावर नवा रायझन ५८०० एक्स ३ डी बसवणं शक्य झालं. सॉकेट ७ नंतर ग्राहकाच्या इतकं पदरात पडल्याचं मला आठवत नाही. फक्त एएम ४ चा कूलर उचलताना आधी थोडा फिरवून सैल करावा, नाहीतर सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर लॉक असतानाही खोबणीतून उपटून येतो.

आजचा हिशेब या सगळ्यातून निघतो. एएम ५ ला फक्त डीडीआर ५ चालते आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही ही खोबण ठेवू, असं एएमडी म्हणते. इंटेलची एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीवर संपली. २०२४ च्या अखेरीस १८५१ आली. पुढे वाढवता येईल म्हणून जास्त पैसे मोजावेत का? जो माणूस आठ वर्षं मशीन उघडतच नाही, त्याने मोजू नयेत असं मला वाटतं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकल्यावर तर नाहीच.

एच ११० वाल्याची रॅम डीडीआर ४ असेल तर (त्या चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर ३ चेही होते, पट्टी बघून घ्यावी) एलजीए १७०० चा डीडीआर ४ वाला बोर्ड आणि आय ३ १२१००, किंवा एएम ४ चा बी ४५० आणि रायझन ५ ५६००, यांत त्याचं काम होतं. दोन्ही खोबणींच्या पुढे रस्ता नाही, पण रॅम, कॅबिनेट, एसएसडी वाचतात. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड नसेल तर १२१०० च बरा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तेवढा तपासावा. स्वस्तातल्या जुन्या एसएमपीएसमधून प्रोसेसरसाठी निघणारी वायर बहुधा चार पिनांची असते आणि नव्या बोर्डावर जागा आठांची. गंमत अशी की इथे पिना जुळत नाहीत, तरी चारची वायर आठच्या अर्ध्या भागात बसते आणि साधा आय ३ तिच्यावर सहसा चालूही होतो.