पार्श्वभूमी : समासातल्या लाल शाईचा वाद

घरची भाषा वेगळी आणि महाविद्यालयात शोधनिबंध मात्र इंग्रजीत, अशा विद्यार्थ्यांना लिहायला कसं शिकवावं, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊन फार काळ लोटलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा तास आला, तोच मुळी वर्गातल्या सगळ्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असं गृहीत धरून. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थी वाढले, त्यांच्यासाठी वेगळे वर्ग निघाले. तिथे ‘लेखन’ म्हणजे दिलेल्या उताऱ्यातल्या एकवचनाचं अनेकवचन करणं, नाहीतर वर्तमानकाळाचा भूतकाळ करणं. विद्यार्थ्याला चुकायला वावच ठेवायचा नाही, अशी ती पद्धत होती. साहजिकच त्याला स्वतःचं काही म्हणायलाही वाव नव्हता.

१९६६ साली एका अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध तपासून एक लेख लिहिला. त्यातल्या आकृत्या लेखापेक्षा जास्त गाजल्या: इंग्रजी परिच्छेद म्हणजे सरळ रेघ, आशियाई परिच्छेद म्हणजे आत आत वळत जाणारं वर्तुळ, इतर भाषांसाठी नागमोडी रेघा. अडचण फक्त व्याकरणाची नाही, मांडणीचीही आहे, हे त्या लेखाने शिक्षकांच्या लक्षात आणून दिलं आणि ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण परक्या भाषेत चाचपडत लिहिलेल्या निबंधावरून एखाद्या समाजाच्या विचारपद्धतीचा नकाशा काढणं अन्यायाचं होतं. पुढे लेखकाने स्वतःच आपली भूमिका बरीच सौम्य केली.

१९७० मध्ये न्यू यॉर्क शहरातल्या सार्वजनिक विद्यापीठाने शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शहरातल्या प्रत्येकाला दार उघडलं. त्या काळात नव्याने दाखल झालेल्यांची पातळी ठरवण्यासाठी लिहून घेतलेले सुमारे ४,००० निबंध वाचून एका प्राध्यापिकेने १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. चुका वेंधळेपणातून होत नाहीत, प्रत्येक चुकीमागे विद्यार्थ्याने स्वतः बसवलेला एक नियम असतो, हा त्याचा गाभा. पाठोपाठ ‘प्रक्रिया’ पद्धत आली: कच्चा खर्डा, चर्चा, पुन्हा खर्डा. मग १९९० च्या सुमारास शोधनिबंधाची प्रस्तावना कोणकोणत्या टप्प्यांनी पुढे सरकते, हे उलगडून शिकवायला सुरुवात झाली.

यानंतरचा वाद मात्र आजही शिक्षकांच्या खोलीत निघतो. १९९६ साली एका संशोधकाने ठामपणे लिहिलं की दुसऱ्या भाषेतल्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणं निरुपयोगी आहे, घातकही आहे, तेव्हा ते बंद करावं. त्याची कारणं उडवून लावण्यासारखी नव्हती. भाषा हळूहळू आणि ठरावीक क्रमाने अंगवळणी पडते, समासातल्या खुणेमुळे तो क्रम बदलत नाही. एकच चूक शिक्षक एका पानावर पकडतो, दुसऱ्या पानावर सोडून देतो. आणि लाल शाईला घाबरलेला विद्यार्थी छोटी, सोपी, बिनधोक वाक्यं लिहू लागतो.

१९९९ मध्ये एका प्राध्यापिकेने याला उत्तर दिलं. हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण ‘दुरुस्ती’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, असं तिचं म्हणणं. थेट बरोबर रूप लिहून देणं वेगळं, नुसती खूण करणं वेगळं. कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलणं नियमाने शिकवता येतं, शब्दांची निवड नियमात बसत नाही. शिवाय विद्यार्थ्यांना स्वतःलाच दुरुस्ती हवी असते, त्यांच्या या मागणीचं काय?

माझ्या मते सगळी गुंतागुंत ‘दुरुस्ती’ या एका शब्दातच आहे. मराठीत ‘एक मुलगा आला. मुलगा रडत होता’ असं म्हणून भागतं. इंग्रजीत दुसऱ्या वाक्यातल्या ‘बॉय’आधी ‘द’ लागतो, कारण आता वाचक त्या मुलाला ओळखतो. विद्यार्थ्याने तो गाळला आणि शिक्षकाने वर लाल शाईत ‘द’ लिहून निबंध गुणांसकट परत दिला, तर विद्यार्थी गुण बघतो आणि कागद पिशवीत टाकतो. तिथे खाडाखोड झाली, शिकवणं झालं नाही. तीच जागा नुसती अधोरेखित करून विचारलं, ‘हा मुलगा वाचकाला आधी भेटलाय का?’, आणि निबंध पुन्हा लिहायला दिला, तर त्याला स्वतः ठरवावं लागतं. दोन्हींना आपण दुरुस्तीच म्हणतो.

पुरावा मिळवणंही सोपं नव्हतं. खरी तुलना करायची तर एका गटाला दुरुस्तीशिवाय ठेवावं लागतं, आणि कित्येक शिक्षकांना ते विद्यार्थ्यांवर अन्याय केल्यासारखं वाटे. २००० नंतरच्या दशकात तसे प्रयोग झाले, तेही बहुतेक याच ‘द’वर आणि त्याच्या जोडीच्या ‘अ’वर. एकाच प्रकारच्या चुकीवर लक्ष दिलं तर फायदा होतो आणि काही महिने टिकतो, असं त्यांत दिसलं. विरोधकांनी विचारलं, दोन शब्दांवरून अख्ख्या लेखनाबद्दल काय सिद्ध होतं? प्रश्न रास्त आहे. तरी ‘दुरुस्ती बंद करा’ हा सल्ला त्यानंतर टिकला नाही, आणि ते बरं झालं.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या लेखन-शिक्षकांच्या संघटनेने जाहीर केलं की दुसऱ्या भाषेत लिहिणारे विद्यार्थी सगळ्याच वर्गांत आहेत आणि त्यांची जबाबदारी सगळ्याच शिक्षकांची आहे. २०११ मध्ये काही प्राध्यापकांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं: भाषांमधल्या सरमिसळीला उणीव न मानता लेखकाचं साधन मानावं. त्यातून इतका गोंधळ झाला की ही भूमिका म्हणजे दुसऱ्या भाषेतलं लेखन शिकवण्याला पर्याय नव्हे, असं अभ्यासकांना २०१५ मध्ये खुल्या पत्राने सांगावं लागलं. शिक्षकाने उदार असावं हे खरंच, पण नोकरीचा अर्ज वाचणारा तसा असेलच असं नाही. विद्यार्थ्याला हे माहीत असतं, म्हणून तो व्याकरण मागतो.

२०२३ पासून नवीच अडचण उभी राहिली. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी सात साधनं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या ९१ परीक्षा-निबंधांवर चालवून पाहिली, तेव्हा माणसांनी लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध सरासरीने यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत ही चूक जवळपास झालीच नाही. कारण शब्दसंपदेत आहे: नेहमीचे, अपेक्षित शब्द वापरणारं लेखन या साधनांना यंत्राचं वाटतं. दुसऱ्या भाषेत जपून लिहिणाऱ्याचं लेखन तसंच असतं. लाल शाईच्या धाकाने मुलं जी बिनधोक वाक्यं लिहितात, तीच आता त्यांना संशयाच्या फेऱ्यात आणतात. एकेकाळी लेखन सुधारावं म्हणून शिक्षक कच्चे खर्डे मागत. आता काही वर्गांत तेच खर्डे, निबंध स्वतः लिहिल्याचा पुरावा म्हणून जोडावे लागतात.