नदी, भूरचना आणि समाजाची जडणघडण

नद्या, डोंगररांगा, किनारे, जमिनीचा उतार आणि मातीचा पोत यांचा मानवी वस्ती, शेती, व्यापार व राज्यसंस्था यांवर होणारा परिणाम हा भूगोल, पुरातत्त्व आणि इतिहास यांचा समाईक अभ्यासविषय आहे. नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि ह्वांग हो यांच्या खोऱ्यांत आद्य नागर संस्कृती उदयाला आल्या, हे शाळेपासून सर्वांना पाठ असते. त्यावरून ‘जिथे नदी तिथे संस्कृती’ असा सोपा निष्कर्ष काढला जातो. तो मात्र टिकत नाही. ॲमेझॉन आणि काँगो या पाण्याच्या प्रमाणात जगातील सर्वांत मोठ्या दोन नद्या, पण इ. स. पू. ३००० च्या सुमारास नाईलकाठी जशी धान्यावर पोसलेली राज्यसंस्था उभी राहिली, तशी त्यांच्या काठी राहिली नाही. नदीला पाणी किती, यापेक्षा ते केव्हा येते, सोबत किती गाळ आणते आणि नाव कुठवर चालते, यांनी समाजाला जास्त वळण लावलेले दिसते.

नाईलचा पूर इथिओपियाच्या पठारावरील उन्हाळी पावसाचा. इजिप्तमध्ये तो जून-जुलैत चढू लागे, ऑगस्ट-सप्टेंबरात शिगेला पोहोचे आणि ऑक्टोबरच्या सुमारास ओसरे. म्हणजे जमीन भिजून, वर ताज्या गाळाचा थर बसून, नेमकी पेरणीच्या वेळी मोकळी होई. शेतकऱ्याने बांध घालून पाणी महिना-दीड महिना शेतात कोंडायचे, मग सोडून द्यायचे आणि ओल्या गाळात बी फेकायचे. साचलेले क्षार ओसरत्या पाण्याबरोबर वाहून जात, त्यामुळे हजारो वर्षे पिके घेऊनही जमीन खारावली नाही. वाहतुकीची सोयही तशीच अलौकिक. प्रवाह उत्तरेकडे जातो आणि वारा बहुतेक काळ उत्तरेकडून वाहतो. खाली जाताना प्रवाहावर सोडायचे, वर येताना शीड उभारायचे. धान्य, दगड आणि सरकारी कारकून एकाच वाटेने फिरू शकल्यामुळे अस्वानच्या द्रुतवाहांपासून (खडकाळ पात्रातील नावेला अडवणाऱ्या खळाळांपासून) समुद्रापर्यंतचा चिंचोळा पट्टा एका सत्तेखाली ठेवणे शक्य झाले.

या पुराची उंची मोजणे हे राज्याचे मोठे काम होते. अस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर खुणा कोरलेल्या आहेत. कैरोतील रोडा बेटावर इ. स. ८६१ मध्ये बांधलेली पूरमापक विहीर आजही पाहता येते: मधोमध हातांच्या मापाच्या खुणा असलेला संगमरवरी खांब आणि बोगद्यांतून आत येणारे नदीचे पाणी. सोळा हातांची खूण गाठली, तरच पूर्ण शेतसारा लागू होई. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने तर हिशेबच मांडून ठेवला आहे: बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ, तेरा म्हणजे उपासमार, चौदा म्हणजे हायसे वाटणे, पंधरा म्हणजे निर्धास्ती आणि सोळा म्हणजे आनंदीआनंद. १२०० ते १२०२ या काळात पूर तुटीचा गेला, तेव्हा इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. करआकारणी, दिनदर्शिका आणि धान्याची कोठारे या साऱ्यांचे सूत्र पुराच्या खुणेशी असे बांधलेले होते.

टायग्रिस-युफ्रेटिसचे गणित याच्या उलट. त्यांचा पूर अनातोलिया (आजचा तुर्कस्तान) व झाग्रोस (मुख्यतः आजचा इराण) येथील डोंगरांतील बर्फ वितळल्याने एप्रिल-मेमध्ये येतो, म्हणजे पीक कापणीला आलेले असताना. पेरणीच्या वेळी, शरद ऋतूत, नदी तळाला गेलेली असते. त्यामुळे वसंतात पाणी शेताबाहेर ठेवायचे आणि शरदात ते शेतापर्यंत न्यायचे, अशी दुहेरी कसरत सुमेरच्या, म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधील, लोकांना करावी लागली. कालवे खोदणे, दरवर्षी त्यांतला गाळ काढणे, पाणीपाळ्या ठरवणे आणि पाळी मोडणाऱ्याला दंड करणे यासाठी कायमची व्यवस्था लागली. लगश आणि उम्मा या शेजारी नगरराज्यांत सुपीक सीमापट्टा व त्याला पाणी देणारे कालवे यांवरून पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या. लगशच्या विजयाचा इ. स. पू. २४५० च्या सुमाराचा कोरीव शिलापट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सपाट प्रदेश, निचरा कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे दक्षिणेकडील जमीन क्षारपड होत गेली. तेथे गव्हाचा पेरा घटून खारेपणा सोसणाऱ्या जवाचा वाढला, असे मृत्तिकापट्ट्यांवरील नोंदींवरून मांडले गेले आहे. क्षार हेच त्याचे एकमेव कारण होते का, याविषयी मात्र मतभेद आहेत.

ह्वांग होचा प्रश्न पाण्यापेक्षा गाळाचा. लोएसच्या, म्हणजे वाऱ्याने आणून साचवलेल्या बारीक मातीच्या, पठारावरची पिवळी, भुसभुशीत माती घेऊन ती मैदानात उतरते, तिथे वेग मंदावतो आणि माती पात्रातच बसते. पात्र उंचावले की लोक बांध वाढवतात, बांध वाढले की पात्र आणखी उंचावते. कायफंग शहराजवळ नदी आसपासच्या जमिनीपेक्षा कित्येक मीटर उंचावरून वाहते. असा बांध फुटला की नदी जुन्या पात्रात परतत नाही. १८५५ मध्ये तिने शानडाँग द्वीपकल्पाच्या दक्षिणेचे मुख सोडून उत्तरेचे धरले. १९३८ मध्ये जपानी सैन्याला रोखण्यासाठी चिनी राष्ट्रवादी सैन्याने ह्वायुआनकोऊ येथे बांध फोडला; त्यात लाखो माणसे प्राणाला मुकली आणि १९४७ पर्यंत नदी दक्षिणेकडून वाहत राहिली. बांधांची देखभाल हा चिनी राजसत्तेच्या कर्तव्याचा कस मानला जाई, तो उगाच नाही.

सिंधू संस्कृतीने या विषयाच्या अभ्यासकांना चांगलाच धडा दिला. आजच्या वायव्य भारत व पाकिस्तानातून जाणाऱ्या घग्गर-हाक्राच्या कोरड्या पात्रालगत कालीबंगनसारखी अनेक स्थळे सापडल्यामुळे तेथे हिमालयातून येणारी मोठी नदी वाहत असावी आणि ती आटल्यामुळे वस्त्या उजाड झाल्या असाव्यात, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्रीय संशोधनानुसार सतलज हे पात्र सोडून सु. ८,००० वर्षांपूर्वीच, म्हणजे नगरे वसण्याच्या कितीतरी आधी, निघून गेली होती. लोक वसले ते मोठ्या नदीने मागे टाकलेल्या सखल, सुपीक आणि मोठ्या पुराचे भय नसलेल्या दरीत. पावसाळी प्रवाह त्यांना पुरत होते.

नदीवाचूनही समाज बहरले. माया लोकांच्या टिकाल या नगराला जवळ मोठी नदी नव्हती. चुनखडीच्या प्रदेशात पाणी वर टिकत नाही, म्हणून फरसबंद चौकांना उतार देऊन पावसाचे पाणी बांधीव तळ्यांत वळवले जाई आणि कोरडे महिने त्यावर काढले जात. अँडीज पर्वतात उंची हीच संपत्ती ठरली. थोड्याच अंतरावर हवामान पालटते. म्हणून एकाच समूहाची माणसे किनाऱ्यालगत मका, उंचावर बटाटा आणि त्याहून वर लामा या ओझेवाहू प्राण्यांचे कळप सांभाळत व आपापसांत देवघेव करत.

शहरांच्या जागा पुष्कळदा पाण्याच्या वाटेतील अडथळ्यांनी ठरवल्या आहेत. जिथे नदी पायी ओलांडता येते, जिथे पूल टाकता येतो किंवा जिथे नाव पुढे जात नाही, तिथे माल उतरतो आणि बाजार भरतो. अमेरिकेच्या पूर्व भागात कठीण खडक संपून मऊ किनारी मैदान सुरू होते त्या रेषेवर नद्या एकापाठोपाठ एक खाली कोसळतात. फिलाडेल्फिया, बॉल्टिमोर आणि रिचमंड ही शहरे याच रेषेवर आहेत. मालाची चढउतार आणि गिरण्यांना पाण्याची शक्ती, दोन्ही एकाच ठिकाणी मिळाले. काँगो नदी आफ्रिकेच्या अंतर्भागात हजारो किलोमीटर जलमार्ग देते, पण समुद्राजवळ किन्शासा ते मटाडी या टप्प्यात द्रुतवाहांची रांग आडवी येते. ती टाळून जाणारी रेल्वे १८९८ मध्ये पूर्ण झाली आणि तिने वसाहतवादी लुटीला आणखी वेग दिला.

भूगोल समाजाचे भवितव्य ठरवतो, असे मानणारा नियतिवाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रबळ होता. हवामानावरून वंशांची प्रतवारी लावण्यासाठीही तो वापरला गेला आणि साम्राज्यांना सोयीचा ठरला. फ्रेंच भूगोलज्ञ व्हिदाल द ला ब्लाश यांच्या परंपरेने त्याला उत्तर दिले: निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. १९५७ मध्ये जर्मन-अमेरिकी इतिहासकार कार्ल विटफोगेल यांनी मोठ्या सिंचनव्यवस्थेतून अनियंत्रित केंद्रीय सत्ता जन्मते, असा सिद्धांत मांडला. तो आकर्षक असला तरी पुराव्यापुढे लंगडा पडतो. इजिप्तमधील सिंचन बरेचसे स्थानिक पातळीवर चाले. बालीत शेतकऱ्यांचे पाणीसंघ मंदिरांच्या आधाराने शतकानुशतके पाणीवाटप करत आले आहेत. नेदरलँड्समध्ये तर तेराव्या शतकापासून जमीनधारकांच्या पाणीमंडळांनी बांध राखले, कर बसवले; त्यातून हुकूमशहा निर्माण झाला नाही.

विसाव्या शतकात नदी आणि समाज यांचे नाते बरेच उलटले. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या अस्वानच्या उंच धरणाने नाईलचा वार्षिक पूर थांबवला; बारमाही पाणी व वीज मिळाली, पण गाळ धरणात अडला, खतांची गरज वाढली आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला. अमेरिकेतील मिसिसिपी नदी आपले मुख्य पाणी अचाफालाया या जवळच्या, अधिक उताराच्या वाटेने समुद्राकडे नेऊ पाहत होती. तसे झाले असते, तर बॅटन रूज व न्यू ऑर्लिन्स या बंदरांचे आणि काठच्या कारखान्यांचे गोडे पाणी तुटले असते. म्हणून १९६३ पासून दारे बसवून ७० टक्के पाणी मूळ वाटेने व ३० टक्के अचाफालायाकडे अशी वाटणी राखली जाते. १९७३ च्या पुरात या बांधकामाचा पाया खरवडला गेला व एक बाजूभिंत कोसळली. १९८६ मध्ये त्याच्या जोडीला दुसरे बांधकाम उभारण्यात आले.