न जन्मलेल्या पिल्लांची मोजणी

सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर एखादा हूक तुटला, की त्याचा ताण्याचा धागा उचलला जात नाही आणि नक्षीत उभी चूक उतरत जाते. चूक पाहून जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, हूक शोधतो. गर्भ घडवणाऱ्या जनुकांचं काम शोधायची रीतही अशीच: उंदराचं एक जनुक निकामी करायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. ‘नॉकआउट’ उंदरांची ही पद्धत उभी करणाऱ्या कापेची, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ मध्ये नोबेल मिळालं.

इथली अडचण वेगळी. पुष्कळदा चूक दिसायला पिल्लूच जन्मत नाही.

म्हणून आधी मोजणी. जनुकाची एक प्रत शाबूत, एक निकामी अशा नर-मादीची जोडी लावली, तर चार पिल्लांमागे एकाच्या दोन्ही प्रती निकामी असायला हव्यात. कानाच्या तुकड्यावर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून केलेली तपासणी) करून ते कळतं. बारा पिल्लांवर निकाल देऊ नये. तेवढ्यांत असं एकही न सापडणं निव्वळ योगायोगानेही शंभरात तीनदा घडतं. चाळिसांत एकही नसेल, तर मात्र ती मेली. कधी? मादी मेलेली पिल्लं खाऊन टाकते, त्यामुळे जन्मानंतर एकविसाव्या दिवशी मोजून गर्भात मेली की जन्मल्यावर, हे कळत नाही.

मग उलटं जायचं. सकाळी मादीच्या योनीत समागमाची खूण असलेली घट्ट गुठळी दिसली, की तो गर्भाचा दिवस ०.५. गर्भकाळ १९-२० दिवसांचा, १८.५, १२.५, ९.५ अशा दिवशी गर्भ काढून तपासायचे. तपासणीला गर्भाभोवतीच्या पीतक पिशवीचा तुकडा घेतात. त्याला आईच्या गर्भाशयाचा कण चिकटून राहिला, तर आईची शाबूत प्रतही पीसीआरमध्ये उमटते आणि पूर्ण नॉकआउट गर्भ अर्धा वाटतो. ही चूक फार होते. तुकडा दोन-तीनदा धुवावा. दहाव्या दिवसाच्या सुमारास मेलेला गर्भ दिसला, की हृदयावर संशय जातो. पण आधी वार (प्लॅसेंटा) तपासावी. ती नीट जमली नाही तरी गर्भ याच सुमारास दगावतो.

काहीच बिघडलं नाही, तरी जनुक बिनकामाचं ठरत नाही. १९९२ मध्ये मायोडी हे स्नायू घडवणारं जनुक काढलेल्या उंदरांचे स्नायू धडधाकट निघाले, कारण एमवायएफ५ या त्याच्या भावंड जनुकाने भार उचलला होता. दोन्ही काढली तेव्हा सांगाड्याचे स्नायू बनलेच नाहीत.

लवकर मरणाऱ्या गर्भांसाठी क्री-लॉक्स वापरतात: क्री हे डीएनए कापणारं एन्झाइम, लॉक्स या त्याच्या कापायच्या खुणा; जनुक हव्या त्या अवयवातच कापलं जातं. पण क्री स्वतःही पेशींना त्रास देऊ शकतं, तेव्हा फक्त क्री असलेले उंदीर तुलनेला ठेवावेच लागतात.