बारावीचे मार्क आणि ब्रिटनमधली पदवी

ब्रिटनच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय मुलांना चांगल्या श्रेणीची पदवी कमी प्रमाणात मिळते. त्याचं कारण अनेक वर्षं एकच सांगितलं जातं: ‘ती मुळात कमी मार्कांवर येतात.’ ऐकायला पटतं, पण ते पूर्ण खरं नाही.

इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी मंडळाने 2014 साली समान प्रवेशगुण असलेल्या मुलांचे निकाल शेजारी ठेवले. ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, तिन्ही विषयांत ‘बी’ मिळवलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी 72 टक्क्यांना फर्स्ट किंवा अप्पर सेकंड, म्हणजे पदवीच्या सर्वांत वरच्या दोन श्रेणींपैकी एक, मिळाला. आशियाई वंशाच्यांपैकी 56 टक्क्यांना आणि कृष्णवर्णीयांपैकी 53 टक्क्यांना. (हे आशियाई तिथलेच रहिवासी, पुण्याहून एम.एस.ला गेलेली आपली मुलं यात नाहीत.) सुरुवात सारखी असूनही शेवटी एवढा फरक पडला, तर प्रवेशाआधीच्या मार्कांवर सगळं खापर फोडता येत नाही.

मग परीक्षक नाव बघून मार्क कापतात का? नाव झाकून पेपर तपासले म्हणून ही दरी बुजलेली नाही. प्रश्न त्याआधीचा आहे: वाचनयादीत कोण आहे, ‘उत्तम निबंध’ म्हणजे काय हे मुलांना कुणी नीट सांगितलं का, शंका विचारायला प्राध्यापकाकडे जायची हिंमत कुणाला होते.

लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठाने प्रवेशगुण आणि विषय धरून अपेक्षित निकाल काढला आणि प्रत्यक्ष निकालाशी ताडून प्रत्येक विभागासमोर ठेवला. त्यामुळे ‘मुलंच कच्ची’ ही सबब विभागांना पुढे करता येईना, आणि चर्चा अभ्यासक्रमावर आली.