ज्यू धर्मात धर्मग्रंथाचा एकच अर्थ मानतात का?

बरीच वर्षं फिरणारा एक समज असा: ज्यू लोक धर्मग्रंथाचा एकच अर्थ मानतात, त्यामुळे 'मजकुराला अनेक अर्थ असतात' या उत्तर-आधुनिक विचारापुढे त्यांचं धर्मशास्त्र निरुत्तर झालं.

पहिला भाग तपासणं सोपं आहे. तालमुद म्हणजे धर्मग्रंथ आणि धर्मनियमांवरच्या ज्यू पंडितांच्या चर्चांचा ग्रंथ. त्याच्या रूढ छापील प्रतीतलं जवळपास कुठलंही पान उघडा. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला ११व्या शतकातले ज्यू पंडित राशी यांचं भाष्य आणि दुसऱ्या बाजूला नंतरच्या पंडितांचं, जे बरेचदा राशींनाच हरकत घेतं. वाद पानावरच छापलेला! ही मांडणी १६व्या शतकातल्या व्हेनिसच्या छपाईपासून रूढ आहे.

मग 'एरुविन' या भागाचं पान १३ब वाचा. इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. हिलेल आणि शम्माई या दोन प्राचीन ज्यू गुरूंचे अनुयायी तीन वर्षं वाद घालतात. शेवटी आकाशवाणी होते: हेही आणि तेही जिवंत देवाचेच शब्द, पण आचरण हिलेलच्या मताप्रमाणे. कारणही दिलंय. हिलेलचे लोक नम्र होते, समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या आधी सांगत.

म्हणजे अनेक अर्थ मान्य, पण 'काहीही चालेल' असं नाही.

उत्तर-आधुनिक विचाराने पेच टाकलाच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. तो वेगळ्या जागी आहे. तालमुदमधले दोन्ही पक्ष शब्द देवाचा आहे हे धरूनच भांडतात. अर्थ वाचणाराच घडवत असेल, तर त्या गृहीताचं काय करायचं? यावर ज्यू धर्मचिंतकांचं आजही एकमत नाही.